नायट्रस–मेण हायब्रिड इंजिन, ५०० न्यूटन: प्रकल्प नोंदी, सांगली

१२ डिसेंबर २०२४: आकडे पक्के केले

थ्रस्ट (ढकलण्याचे बल) ५०० न्यूटन, जळण्याची वेळ ४ सेकंद, चेंबरचा दाब २५ बार. ऑक्सिडायझर (जळायला ऑक्सिजन पुरवणारा) नायट्रस ऑक्साइड, इंधन मेणबत्तीचे पूर्ण शुद्ध केलेले पॅराफिन मेण, वितळणबिंदू ५८ ते ६० अंश. हे हायब्रिड रॉकेट इंजिन आहे, म्हणजे इंधन घन आणि ऑक्सिडायझर द्रव. ते फक्त जमिनीवर, स्टँडला बांधून चालवायचे आहे.

इस्रोने २० सप्टेंबर २०२२ ला महेंद्रगिरीत ३० किलोन्यूटनची जी हायब्रिड मोटर चालवली, तिच्यात एचटीपीबी (रबरासारखे घन इंधन) आणि द्रव ऑक्सिजन होते. द्रव ऑक्सिजन हाताळणे विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे, आणि एचटीपीबी सावकाश जळते. मेण तीन ते चार पट वेगाने जळते. त्याच्या पृष्ठभागावर वितळलेला पातळ थर तयार होतो आणि वायूचा झोत त्यातून बारीक थेंब उडवून नेतो. त्यामुळे एकच गोल पोर्ट (मेणातले आरपार भोक) पुरतो.

सी-स्टार (ज्वलन किती चांगले झाले याचे माप) आदर्श १६०० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, आपण १४५० धरला. थ्रस्ट गुणांक (नोझल चेंबरच्या दाबातून किती थ्रस्ट काढते याचे माप) १.३८. यावरून एकूण प्रवाह ०.२५ किलो प्रति सेकंद, त्यात नायट्रस ०.२२ आणि मेण ०.०३१, म्हणजे प्रमाण सातास एक. नोझलचा गळा १३.६ मिमी, बाहेरचे तोंड २८ मिमी. ग्रेनची (मेणाच्या पोकळ नळकांड्याची) लांबी १३५ मिमी, बाहेरचा व्यास ६२, पोर्ट ३५. चार सेकंदांत पोर्ट ५० च्या पुढे जाईल आणि निम्मे मेण शिल्लक राहील. पहिल्या इंजिनाला एवढी शिल्लक हवीच.

मेण जळण्याचा वेग पोर्टच्या दर चौरस मिमीमागे जाणाऱ्या नायट्रसच्या ज्या घाताने बदलतो, तो घातांक या जोडीसाठी ०.५ च्या जवळ धरतात. तो नेमका ०.५ असला की पोर्ट रुंदावला तरी मेणाचा प्रवाह बदलत नाही: पृष्ठभाग जेवढा वाढतो, तेवढाच जळण्याचा वेग उतरतो. त्यामुळे चाचणीत थ्रस्ट उतरत गेला तर संशय ग्रेनवर नाही, आधी टाकीवर घ्यायचा.

२१ डिसेंबर: इंजेक्टर

चेंबरमध्ये नायट्रस सोडणारी पितळेची चकती, जाडी ८ मिमी, १.२ मिमीची ७ छिद्रे. छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ ७.९२ चौरस मिमी. साध्या सूत्राने २० अंशांना ०.३२ किलो प्रति सेकंद प्रवाह येतो. पण नायट्रस टाकीत उकळीच्या काठावरच असतो आणि छिद्रातून जाताना दाब उतरला की तिथेच उकळतो. म्हणून त्याच्या दोन-तृतीयांश धरून ०.२२.

पहिली पाणी चाचणी: ५ बार, १० सेकंद, बादलीत १.३८ किलो पाणी. डिस्चार्ज गुणांक (प्रत्यक्ष प्रवाह भागिले आदर्श प्रवाह) ०.५५, अपेक्षेपेक्षा बराच कमी. सात धारांपैकी पाच सरळ, एक तिरकी, आणि एक फुटून झाडूसारखी पसरलेली. भिंगाखाली धरल्यावर दिसले की आतल्या बाजूने दोन छिद्रांच्या काठांवर बर (ड्रिलने उचललेली धातूची धार) उभा आहे, नखाला टोचेल असा. कुपवाडच्या वर्कशॉपमधल्या काकांनी सांगितले तसे केले: चकतीमागे पितळेची दुसरी पट्टी घट्ट धरून छिद्रे पुन्हा साफ केली, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना धातू फाटत नाही. नंतर आतल्या काठांना मोठे ड्रिल हाताने अर्धा फेरा फिरवून नाममात्र चॅम्फर (तिरकी कड) दिला. दुसऱ्या चाचणीत १.६३ किलो, गुणांक ०.६५, सातही धारा काडीसारख्या सरळ.

चॅम्फर सातही छिद्रांना सारखा हवा. एकालाच जास्त पडला तर त्या बाजूने मेण जास्त जळते आणि लायनर (मेणाभोवतीची संरक्षक नळी) लवकर उघडा पडतो.

२८ डिसेंबर: ग्रेन ओतणे

पहिला ग्रेन साच्यात मधोमध ३५ मिमीचा रॉड उभा करून ओतला. हिशेबाने वजन २५० ग्रॅम यायला हवे, आले २३१. बाहेरून गुळगुळीत, ठोकल्यावर आवाजही ठीक. करवतीने उभा कापला तेव्हा मेणाच्या जाडीच्या बरोबर मधे वरून खालपर्यंत पोकळ्यांची रांग निघाली, जाळीदार पावासारखी. मेण थिजताना आकारमानाने १० ते १५ टक्के आकसते. रॉडकडून आणि साच्याकडून ते आधी गोठले, मधले शेवटी, आणि त्याला आत ओढायला द्रव उरलेच नाही. असा ग्रेन चालवला असता तर ज्वाळा पोकळीत शिरून जळता पृष्ठभाग एकदम वाढला असता आणि चेंबरचा दाब उसळला असता.

दुसरा ग्रेन लेथवर फिरवून केला. कागद-फिनॉलिक लायनर (आतला व्यास ६२) चकमध्ये आडवा धरला, दोन्ही टोकांना ओ-रिंगची झाकणे, एका झाकणाला मधे ओतायचे भोक. मेण पातेल्यात थेट शेगडीवर ठेवत नाही. गरम पाण्यात दुसरे भांडे ठेवून ८० अंशांपर्यंत वितळवले. त्यात १ टक्का कार्बन ब्लॅक. पांढऱ्या मेणातून ज्वाळेची उष्णता आरपार जाते आणि ग्रेन आतूनच मऊ पडतो, काळे मेण ती पृष्ठभागावरच अडवते. कार्बन तळाशी बसतो, म्हणून ओतेपर्यंत ढवळत राहायचे.

७० अंशांवर आल्यावर २६२ ग्रॅम ओतले, १४०० आरपीएम, बाहेरून पंखा, ४० मिनिटे. फिरताना मेण बाहेर दाबले जाते, त्यामुळे आकसण्याची सगळी जागा मधल्या पोर्टमध्येच पडते. मग पोर्ट ३५ ला बोअर केला. वजन २४९ ग्रॅम. यापुढे प्रत्येक ग्रेनचे वजन खडूने लायनरवर लिहायचे, आणि २४५ च्या खाली आला तर वितळवून पुन्हा ओतायचा.

झाकणाची ओ-रिंग बसवायला विसरल्यास गरम मेण लेथच्या बेडवर पडते. दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये असे होऊ देता कामा नये. नोझलच्या ग्रॅफाइटलाही तोच नियम: बेडवर ओले कापड, टूलजवळ व्हॅक्यूमची नळी. ग्रॅफाइटची पूड गाइडवेमध्ये गेली तर लेथ झिजतो.

५ जानेवारी २०२५: पाण्याने दाब चाचणी

केसिंग ६०६१-टी६ ॲल्युमिनियम, आत ७० मिमी, भिंत ३ मिमी. दोन्ही टोके प्रत्येकी एम६ च्या १२ आडव्या बोल्टांवर. हातपंपाने ६० बारपर्यंत न्यायचे आणि ५ मिनिटे धरायचे. या दाबाला एका टोकावर सुमारे २३ किलोन्यूटन बल येते, म्हणजे २.३५ टन. हवेने ही चाचणी कधीच करायची नाही. पाणी फुटले तर ओलेपणा होतो, हवा फुटली तर तुकडे उडतात.

३८ बारला नोझलकडून थेंब. उघडल्यावर ओ-रिंगच्या एका बाजूने नखाच्या चंद्रकोरीएवढी साल निघालेली. ओ-रिंग आत सरकताना बोल्टांच्या छिद्रांवरून जाते आणि छिद्राची आतली धार तिला तासते. सगळ्या छिद्रांच्या आतल्या कडा अर्धगोल कानशीने मोडल्या. बसवताना छिद्रांवरून पातळ प्लास्टिकची पट्टी घालून ओ-रिंग पार नेली आणि मग पट्टी ओढून काढली.

खाचही चुकीची होती. ३.५ मिमीच्या ओ-रिंगला ३.२ मिमी खोली, म्हणजे दाबणी ९ टक्क्यांच्या आतच. खोली २.८५ केली, दाबणी १८ टक्क्यांच्या वर. ६० बार, ५ मिनिटे, काटा जागचा हलला नाही.

१२ जानेवारी: नायट्रसच्या बाजूची सफाई

हे काम सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे. नायट्रस ऑक्साइड नुसते ज्वलनाला मदत करणारे नाही, ते स्वतः विघटित होताना उष्णता सोडते. नळीत तेलाचा अंश असेल आणि झडप झटक्यात उघडून वायू दाबला गेला, तर आग तिथेच सुरू होऊ शकते. २६ जुलै २००७ ला कॅलिफोर्नियातील मोहावी येथे नायट्रसच्या थंड चाचणीत तीन जण गेले. तिथे इंजिन पेटवलेलेही नव्हते. म्हणून थंड चाचणीलाही गरम चाचणीइतकेच अंतर ठेवायचे.

क्रम: गरम साबणपाणी, साधे पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सिलिंडरच्या नायट्रोजनने कोरडे करणे. वर्कशॉपच्या कंप्रेसरची हवा वापरायची नाही, तिच्यात तेल असते. इंजेक्टरच्या छिद्रांत कटिंग ऑइल राहते, म्हणून प्रत्येक छिद्रातून अल्कोहोल सिरिंजने ढकलले. साफ झालेला भाग नव्या ग्लोव्हजनी धरायचा आणि लगेच पिशवीत बंद करायचा. थ्रेडला टेफ्लॉन टेप. ग्रीस लागलेच तर फक्त क्रायटॉक्स (ऑक्सिडायझरशी न पेटणारे ग्रीस), साधे ग्रीस या टेबलावर ठेवायचेसुद्धा नाही.

बॉल व्हॉल्व्हमध्ये एक लपलेला धोका आहे. व्हॉल्व्ह बंद केला की बॉलच्या पोटात थोडा द्रव नायट्रस अडकतो. ऊन लागले की तो फुगतो, जायला जागा नसते, आणि सील किंवा बॉडी फुटते. बॉलला टाकीच्या बाजूने १ मिमीचे छिद्र पाडले. आता व्हॉल्व्हवर दिशेचा बाण रंगवला आहे, उलटा बसवला तर छिद्राचा उपयोग नाही. दोन व्हॉल्व्हमधल्या नळीलाही हेच लागू: तिथे रिलीफ व्हॉल्व्ह बसवला. टाकीचा डंप सोलेनॉइड (टाकी रिकामी करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) नॉर्मली ओपन प्रकारचा घेतला, वीज गेली की टाकी आपोआप रिकामी होते.

१९ जानेवारी: थंड चाचणी

जागा: मिरज तालुक्याच्या पूर्व भागातली बंद मुरूम खाण, मालकाची लेखी परवानगी, पोलीस ठाण्यात पत्र. स्टँड खाणीच्या तळाशी न लावता वरच्या पायरीवर लावला. नायट्रस हवेपेक्षा जड, तळात साचतो, आणि हे भुलीचे औषध आहे. वाऱ्याकडे पाठ करूनच काम.

टाकी २.५ लिटर. महाविद्यालयाच्या पत्रावर मिळालेल्या निळ्या सिलिंडरमधून १.५ किलो भरले. सकाळी ७ वाजता टाकी १६ अंश, दाब ४६ बार. व्हॉल्व्ह उघडल्यावर ५ सेकंदांत द्रव संपला, १.२५ किलो गेले. प्रवाह ०.२५. शेवटी दाब ३५ बार. द्रव बाहेर पडला की रिकामी झालेली जागा भरायला उरलेला द्रव उकळतो आणि स्वतःच थंड होतो, म्हणून दाब उतरतो.

समोर हवेचा दाब असताना साध्या सूत्राने ०.४४ यायला हवा होता. उकळणारा प्रवाह छिद्रातच चोक होतो. समोरचा दाब कितीही कमी करा, एका मर्यादेपुढे प्रवाह वाढत नाही. आपले दोन-तृतीयांशाचे गणित २५ बार दाबासमोरचे होते, ते गरम चाचणीतच तपासता येईल.

वजनाच्या नोंदीत चूक सापडली. टाकी लोड सेलला (वजन-बल मोजणाऱ्या सेन्सरला) टांगलेली, पण दाब आल्यावर भरणाची होज ताठ होते आणि टाकीला वर उचलते. रिकाम्या टाकीत नायट्रोजनने ४५ बार दाब दिला तर काटा ६५ ग्रॅमने हलला. होज आता आडवी बांधली, आणि दाब–वजन तक्ता करून दुरुस्ती वजा केली.

वापरलेल्या ओ-रिंग फुगल्या. नायट्रस रबरात मुरतो आणि दाब सुटल्यावर बाहेर यायला बघतो. एकदा वापरलेली ओ-रिंग पुन्हा बसवायची नाही.

१ फेब्रुवारी: पेटले नाही

इग्नायटर: स्टील वूलचा गोळा, त्यात नायक्रोमची तार, आणि ३ मिमीच्या नळीतून ५ बारचा ऑक्सिजन. तार तापली की वूल ऑक्सिजनमध्ये भडकते आणि मेणाला पेटवते. ऑक्सिजनच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. नोझलच्या तोंडावर सोल्डरच्या तारेचा तुकडा लावला आहे. ज्वाळा बाहेर आली की तो वितळून तुटतो, आणि तो तुटल्याशिवाय मुख्य व्हॉल्व्ह उघडतच नाही. न पेटलेल्या चेंबरमध्ये नायट्रस सोडणे हा सगळ्यात वाईट प्रकार.

तार तापली नाही. डंप, १० मिनिटे थांबून मगच जवळ. टेबलावर दोन मीटर वायरने हा इग्नायटर पाचपैकी पाच वेळा पेटला होता. खाणीत वायर ६० मीटर, अर्धा स्क्वेअर एमएम. जाऊन-येऊन १२० मीटरचा रोध ४.१ ओहम, तारेचा १.५. बारा व्होल्टवर ८ अँपिअरऐवजी २.१ मिळाले, तारेत ९६ वॉटऐवजी ७. बॅटरी आणि रिले स्टँडपाशी नेले, लांब वायरीतून आता फक्त रिलेचा सिग्नल. आर्म करायची किल्ली मात्र बंकरमध्येच.

९ फेब्रुवारी: पहिली गरम चाचणी

द्राक्षतोडणीचे दिवस, पहाटेपासून बागांत माणसे. आदल्या संध्याकाळी आसपासच्या मळ्यांत जाऊन वेळ सांगितली.

टाकी १७ अंश, ४७ बार. पेटले. ४ सेकंद पूर्ण. थ्रस्ट सुरुवातीला ४१० न्यूटन, शेवटी ३३०, सरासरी ३७०. चेंबरचा दाब २१ वरून १७.

मेण २४९ वरून १३०, म्हणजे ११९ ग्रॅम जळले. टाकीच्या वजनावरून नायट्रस ०.१९ किलो प्रति सेकंद. एकूण प्रवाह ०.२२, आणि दाब व गळ्यावरून सी-स्टार फक्त १२५५. तूट दोन जागी वाटलेली: प्रवाह १२ टक्के कमी, ज्वलन १३ टक्के कमी. दोन्ही सारख्याच मोठ्या, त्यामुळे फक्त इंजेक्टर मोठा करून भागणार नाही.

ज्वलन का कमी, हे नोझल काढल्यावर दिसले. ग्रेन आणि नोझल यांच्यामधल्या मागच्या कक्षाच्या भिंतीवर सात उभे पट्टे, इंजेक्टरच्या सात धारांच्या रेषेत आलटून पालटून काळे आणि फिकट. धारा ग्रेनमधून मागेपर्यंत वेगवेगळ्याच राहिल्या, मेणाची वाफ भिंतीलगत आणि नायट्रस मधून, आणि मिसळायच्या आत दोन्ही नोझलबाहेर.

थ्रस्टच्या आलेखावर २७ हर्ट्झची लाट होती. पहिला अंदाज ज्वलन अस्थिरतेचा. थंड स्टँडवर लोड सेल चालू ठेवून हातोडीने टकटक केली, तर तीच २७ हर्ट्झ आली. म्हणजे लाट स्टँडची. दोन तिरके आधार वेल्ड करायचे. लोड सेल वाचणारा एचएक्स७११ चिप सेकंदाला ८० च नमुने घेतो, त्यावर खरी अस्थिरता दिसणारही नाही. ती बघायला चेंबरचा दाब वेगळ्या कार्डवर ५ किलोहर्ट्झने घेतो, आणि तिथे रेघ स्वच्छ होती.

१५ फेब्रुवारी

मेणाची वाफ आणि नायट्रस मिसळावेत म्हणून ग्रेनच्या मागे फिनॉलिकची मिक्सर रिंग. मागचा कक्ष ७० वरून १०० मिमी. इंजेक्टरला आठवे छिद्र, पाणी चाचणीत गुणांक तोच ०.६५. स्टँडला आधार.

२३ फेब्रुवारी: दुसरी गरम चाचणी

टाकी २२ अंश, ५३ बार. थ्रस्ट ५२० ते ४३०, सरासरी ४७५. चेंबर सरासरी २४ बार. मेण १२९ ग्रॅम, नायट्रस ०.२२८, प्रमाण ७.१. सी-स्टार १३४०, म्हणजे आदर्शाच्या ८४ टक्के. भिंतीवरचे पट्टे गेले. मिक्सर रिंगची आतली कड ३ मिमी झिजली, तेव्हा ती दर चाचणीला नवी. गळा १३.७.

प्रवाहातल्या वाढीचे सगळे श्रेय आठव्या छिद्राला देऊ नये. छिद्रामुळे ०.२१७ झाला असता, उरलेली वाढ टाकी पाच अंशांनी जास्त उष्ण असल्याची. दोन चाचण्यांची तुलना करताना टाकीचे तापमान जुळवलेच पाहिजे.

१६ मार्च: चाचणी रद्द

७:१५ ला १.५ किलो भरले, २२ अंश. प्रेशर सेन्सरचा कनेक्टर सैल निघाला, तो शोधण्यात ऊन चढले. १०:२० ला टाकी ३३ अंश, दाब ६७ बार. बंकरमधून डंप केले.

नायट्रसचे क्रांतिक तापमान ३६.४ अंश, दाब ७२.५ बार. त्यापुढे द्रव आणि वायू हा भेदच राहत नाही, आणि आपल्या इंजेक्टरचे कुठलेही गणित लागू पडत नाही. पण आपल्या टाकीचा धोका त्याही आधी येतो. १.५ किलो २.५ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ६०० ग्रॅम. २० अंशांना द्रवाची घनता ७८६, ३० ला ६८८, ३५ ला ५८९. म्हणजे ३५ अंश व्हायच्या आतच द्रव फुगून टाकी काठोकाठ भरते, वरची वायूची उशी संपते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. सांगलीत मार्चच्या उन्हात धातूची टाकी ३५ ला पोचायला फार वेळ लागत नाही.

नवे नियम, भरणाच्या तक्त्यावर लाल अक्षरांत लिहिलेले: भरणे सूर्योदयाच्या आधी. टाकीवर ओले पोते आणि वर छत्री. भरल्यापासून ४५ मिनिटांत चाचणी, नाही तर डंप. ६२ बारला डंप, चर्चा नाही. सकाळचे तापमान २५ च्या वर असेल तर १.१ किलोच भरायचे. लिटरला ४५२ ग्रॅम ही क्रांतिक घनता आहे, तिच्या आत असलेली टाकी कितीही तापली तरी द्रवाने काठोकाठ भरत नाही.

आता गरम चाचण्या नोव्हेंबरपर्यंत बंद. निळा सिलिंडर पुरवठादाराकडे परत. ग्रेन क्रमांक ५ आणि ६ उत्तरेच्या खोलीत, फरशीवर उभे ठेवले आहेत. चाळीस अंशांत मेण मऊ पडते आणि आडवा ठेवलेला ग्रेन मे संपेपर्यंत अंडाकृती होतो. दर पंधरवड्याला पोर्टचा व्यास दोन दिशांनी व्हर्निअरने मोजून लायनरवर लिहायचा. आजचे माप: क्रमांक ५, ३५.० आणि ३५.१, क्रमांक ६, ३५.० आणि ३५.०.